अपृष्ठवंशीयांची यादी: अधिवास, संसाधन आणि संवर्धन स्थिती हे रकाने कसे भरावेत?

नोंदवही

एका परिसराच्या सर्वेक्षणाची ओळख पटवलेली यादी तयार आहे. क्षेत्र तीन प्रकारचं: ओढा, त्याच्या काठचं गवत आणि जुन्या झाडांचा पट्टा. पद्धती चार: ओढ्यात जाळी धरून तळ ढवळणं, गवतात झाडणी-जाळं, जमिनीत पुरलेले सापळे आणि झाडांमध्ये मॅलेझ सापळा (उडणारे कीटक अडवणारा तंबूसारखा जाळीचा सापळा). भुंगेरे, चतुर, टाचण्या, फुलपाखरं, गोगलगायी बहुतेक प्रजातीपर्यंत ओळखल्या आहेत. माश्या-डासांच्या अळ्या बऱ्याच ठिकाणी कुळापर्यंतच.

आता प्रत्येक नावापुढे अधिवास, संसाधन आणि संवर्धन स्थिती लिहायची आहे. पहिल्याच रकान्यात गोंधळ झालाय. 'गवताळ', 'फुलं', 'कुजलेलं लाकूड', 'शेण', 'ओढा' हे सगळं 'अधिवास' या एकाच नावाखाली आलं आहे. हे वेगळं कसं करायचं? आणि एका प्रजातीला एकच अधिवास द्यायचा की अनेक?

सहापायी

आधी ओळीचं एकक ठरवा. एक प्रजाती म्हणजे एक ओळ, इथेच बहुतेक याद्या फसतात. एक ओळ म्हणजे एका प्रजातीची एक अवस्था. चतुराची अळी पाण्यात शिकार करते, प्रौढ हवेत. ढोलीतल्या साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या फुलमाशीची अळी कुजकं पदार्थ गाळून खाते, प्रौढाला मात्र उघड्यावरची फुलं लागतात. दोन्ही एका ओळीत कोंबलं की 'ढोली, फुलं' असं काहीतरी लिहिलं जातं आणि पुढे गणना करताना ती माशी दोन्हीकडे मोजली जाते किंवा कुठेच नाही.

मग अधिवास आणि संसाधन. अधिवास म्हणजे प्राणी जिथे राहतो ती जागा, तिच्या भौतिक परिस्थितीसह: पाण्याचा वेग, सावली, गवताची उंची, मातीचा ओलावा. संसाधन म्हणजे तो त्या जागेतून जे घेतो ते: विशिष्ट वनस्पती, बुरशी, यजमान प्राणी, अंडी घालायला मोकळी माती, घरट्यासाठी पोकळ काडी. तुमच्या यादीतलं 'गवताळ' आणि 'ओढा' पहिल्या रकान्यात, 'फुलं' आणि 'शेण' दुसऱ्यात. 'कुजलेलं लाकूड' दोन्हीकडे येऊ शकतं, त्यावर लाकूडकिडा लिहितीलच.

हा भेद का पाळायचा, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे लार्ज ब्लू, फेंगारिस एरियन हे फुलपाखरू. त्याची अळी सुमारे तीन आठवडे थाइम या सुगंधी रानवनस्पतीच्या फुलांवर जगते, मग जमिनीवर पडते आणि मायर्मिका गटातल्या मुंग्या तिला उचलून वारुळात नेतात. पुढचे साधारण दहा महिने ती मुंग्यांची पिल्लं खाऊन काढते. ब्रिटनमध्ये थाइम असलेली कुरणं राखली गेली, तरीही १९७९ मध्ये हे फुलपाखरू तिथून नाहीसं झालं. जेरेमी थॉमस यांच्या अभ्यासातून कारण कळलं: अळी चांगली तगते ती मायर्मिका साब्युलेटी या एकाच प्रजातीच्या वारुळात. ती मुंगी उबदार जमिनीवर टिकते. चराई थांबली, सशांमध्ये मिक्सोमॅटोसिस या रोगाची साथ आली आणि गवत खाणारे ससे घटले, गवत ३ सेंमीपेक्षा उंच झालं, जमीन थंड पडली आणि तिची जागा दुसऱ्या मायर्मिकाने घेतली. नकाशावर कुरण होतं तसंच होतं, थाइमही होता. गेलं ते दुसरं संसाधन. चराई परत सुरू करून १९८० च्या दशकात स्वीडनहून फुलपाखरं आणली, तेव्हा ती रुजली.

'अधिवास: कुरण' एवढंच लिहिलेल्या यादीतून यातलं काहीही हाती लागलं नसतं. मुंगीच्या जागी नुसतं 'मायर्मिका' लिहिलं असतं तरीही नाही.

लाकूडकिडा

सहापायींशी सहमत. लाकडाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे 'जुनी झाडं' असं लिहून लोक मोकळे होतात.

अधिवासात लिहा: झाडांशी निगडित > कुजतं लाकूड. संसाधनात मात्र निदान पाच गोष्टी हव्यात. झाड रुंदपर्णी की सूचिपर्णी. भाग कोणता: साल, सालीखालचा थर, गाभा, ढोली, रस झिरपणारी जखम, की लाकडावर उगवलेली बुरशी. कुजण्याची पायरी: ताजं मेलेलं, साल सुटलेलं, मऊ पडलेलं, भुसा झालेलं. उभं की आडवं, आणि जाडी. ऊन की सावली. शक्य असेल तर बुरशीचा प्रकारही लिहा. तपकिरी कूज आणि पांढरी कूज यांतले भुंगेरे बरेच वेगळे असतात, कारण लाकडाच्या दोन मुख्य घटकांपैकी तपकिरी कुजीत सेल्युलोज जातं आणि लिग्निन उरतं, तर पांढऱ्या कुजीत लिग्निनही मोडतं.

ऑस्मोडर्मा एरेमिटा हा युरोपातला भुंगेरा बघा. त्याची अळी ढोलीत साठलेल्या लाकडाच्या भुशात काही वर्षं वाढते. बहुतेक प्रौढ ज्या झाडात जन्मले तिथेच राहतात, उडून जाणारे थोडे. त्याच्यासाठी क्षेत्र हेक्टरात मोजून उपयोग नाही. ढोली असलेली किती झाडं आहेत आणि ती पडतील तेव्हा त्यांची जागा घेणारी मधल्या वयाची किती आहेत, हे मोजावं लागतं. मधल्या वयाची झाडंच नसतील तर आजची भरघोस संख्या पुढे टिकणार नाही, आणि ते कुठल्याही अधिवासाच्या नकाशात दिसत नाही.

एक इशारा. मॅलेझ सापळ्यात उडणारं सगळं येतं, वाटेने जाणारंही. सापळा झाडात होता म्हणून कीटक झाडाचा, असं लिहू नका. अधिवास प्रजातीच्या ज्ञात जीवनक्रमावरून लिहायचा. सापळ्याची जागा वेगळ्या रकान्यात. पुरलेल्या सापळ्यांचंही तेच. त्यांत प्राण्यांची घनता आणि त्यांची हालचाल एकत्र मोजली जाते. वेगाने धावणारे भुंगेरे जास्त पडतात, संथ चालणारे कमी. पुरलेल्या कपाची कड मातीच्या वर दोन-तीन मिलिमीटर जरी राहिली, तरी लहान प्राणी तिला वळसा घालून जातात, आणि मग 'या गवतात लहान भुंगेरे नाहीत' असा खोटा निष्कर्ष निघतो.

पाणनिरीक्षक

ओढ्याच्या नमुन्यांबद्दल. ढवळण्याचा वेळ किती आणि जाळीचं छिद्र किती, हे यादीच्या वर लिहा. ३ मिनिटं आणि १ मिलिमीटर जाळी ही पुष्कळ ठिकाणी वापरली जाणारी रीत आहे. त्यातली मिनिटं खळाळ, डोह, काठची मुळं यांना त्यांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटून द्यायची. सगळं एकाच बाटलीत ओतलं असेल तर सूक्ष्म अधिवास आता नमुन्यातून मिळणार नाही, फक्त संदर्भग्रंथांतून. पुढच्या वेळी बाटल्या वेगळ्या ठेवा. रूपावरून ओळखायचं असेल तर ७० टक्के इथेनॉल पुरतं, डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्के किंवा जास्त.

पाण्यातल्या संसाधनासाठी कमिन्स यांनी १९७० च्या दशकात मांडलेले आहारगट अजूनही सगळ्यात सोयीचे: पानं चिरणारे, बारीक कण गोळा करणारे, पाण्यातून कण गाळणारे, दगडावरचं शेवाळ खरवडणारे आणि शिकारी. १ मिलिमीटरपेक्षा मोठा सेंद्रिय तुकडा चिरणाऱ्यांचा, लहान कण गोळा करणाऱ्या-गाळणाऱ्यांचा. फक्त लक्षात ठेवा, हे गट प्राणी *कसं* खातो त्यावर आहेत. पान चिरणाऱ्या अळीचं पोषण बऱ्याच अंशी पानावर वाढलेल्या बुरशीतून होतं. म्हणून काठची झाडं तोडली तर तिचं अन्न जातं, आणि पानं आहेत पण पाणी इतकं दूषित की बुरशीच वाढत नाही, तरीही तिची उपासमार होते.

कुळापर्यंतच ओळखलेल्या माश्यांच्या अळ्यांना आहारगट देताना काळजी घ्या. कायरोनोमिडी या डासांसारख्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या एकाच कुळात गोळा करणारे, गाळणारे, खरवडणारे, शिकारी सगळे आहेत. त्याच्या टॅनिपोडिनी उपकुळात बहुतेक शिकारी, त्यामुळे निदान उपकुळापर्यंत पोचलात तर काहीतरी लिहिता येईल. नाही पोचलात तर रकाना रिकामा ठेवा.

एकाला अनेक अधिवास द्यायचे का? हो, पण वजन लावून. ० ते ३ अशी आवड लिहा: ० म्हणजे नाही, ३ म्हणजे ठाम. समजा कॅडिस या पतंगासारख्या कीटकाची पाण्यातली अळी खळाळात ३, डोहात १, काठावर ०. बेरीज ४, म्हणून ०.७५, ०.२५ आणि ०. असं केल्यावर कुठेही राहणारी प्रजाती बेरजेत अनेकदा मोजली जात नाही.

शंखपाल

वजनाची पद्धत ठीक, पण अहवाल वाचणाऱ्याला ०.७५ म्हणजे काय ते कळत नाही, आणि तो आकडा बहुतेक वेळा भरणाऱ्याच्या अंदाजातून आलेला असतो. जमिनीवरच्या प्राण्यांसाठी मी श्रेणीबद्ध एकच निवड आणि सोबत 'निष्ठा' असा रकाना सुचवेन: पूर्णपणे अवलंबून, मुख्यतः, कधीमधी. गुहांच्या प्राण्यांत हे फार आधीपासून रूढ आहे. कायम गुहेतच जगणारे, गुहेत आणि बाहेरही पिढ्या चालवणारे, आणि फक्त आसऱ्याला येणारे असे गट केल्यावर वाचणाऱ्याला लगेच कळतं की गुहेचं तोंड बुजवलं तर कोण संपेल.

ब्रिटनमध्ये नॅचरल इंग्लंड आणि यूके सेंटर फॉर इकॉलॉजी अँड हायड्रॉलॉजी यांनी केलेलं पॅन्थिऑन नावाचं साधन आहे. त्यात वरची पातळी चारच: मोकळे प्रदेश, झाडांशी निगडित, पाणथळ आणि किनारी. त्याखाली अधिवास, त्याखाली संसाधनं. तिथली प्रजातींची माहिती दुसऱ्या खंडावर लावता येणार नाही, पण रचना उचलण्यासारखी आहे.

अजून एक. धोका हा स्वतंत्र रकाना ठेवा. पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावर १९७७ मध्ये मोठ्या आफ्रिकन गोगलगायीला आवर घालायला युग्लॅन्डिना रोझिया ही शिकारी गोगलगाय सोडली. तिने स्थानिक पार्तुला गोगलगायींचा फडशा पाडला. त्यांच्या कित्येक प्रजाती आज फक्त प्राणिसंग्रहालयांतल्या पैदाशीमुळे शिल्लक आहेत. जंगल उभं होतं, त्यांचं अन्नही होतं. अधिवास आणि संसाधन हे दोन रकाने पाहून त्यांची स्थिती कुणालाच ओळखता आली नसती.

नोंदवही

अवस्थेनुसार ओळी केल्या, मोठा फरक पडला. पाण्यातल्यांना वजनं, जमिनीवरच्यांना श्रेणी आणि निष्ठा असं करते आहे. दोन शंका. परजीवीचं काय, त्याचा अधिवास आणि संसाधन एकच नाही का? आणि संवर्धन स्थितीच्या रकान्यात आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, लाल यादीतली श्रेणी लिहिली की झालं का?

सहापायी

परजीवीसाठी: अधिवास यजमानाचं शरीर, शरीराचा कोणता भाग तेही; संसाधन रक्त, पिसं, ऊती. शिवाय यजमान प्रजाती आणि यजमानाची संवर्धन स्थिती हे दोन जास्तीचे रकाने. पिग्मी हॉग या छोट्या रानडुकरावर हिमॅटोपायनस ऑलिव्हेरी ही ऊ राहते, दुसऱ्या कशावरही नाही. डुक्कर गेलं की ऊ गेली. डुकरांची पैदास करताना औषध मारून ऊ काढून टाकली तर डुक्कर राहतं आणि ऊ तरीही जाते.

गोड्या पाण्यातल्या मोत्याच्या शिंपल्यालाही हेच लागू. मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेराची अळी सामन आणि ट्राउट माशांच्या कल्ल्यांवर काही महिने काढते, मग खडीत उतरते. प्रौढ १०० वर्षांहून जास्त जगू शकतात. नदीत मोठे शिंपले भरपूर आणि लहान एकही नाही, असं चित्र दिसलं तर मासे नसतात किंवा खडीत गाळ भरून प्राणवायू पोचत नसतो. म्हणून शिंपल्यांच्या नोंदीत लांबी मिलिमीटरमध्ये लिहाच. 'उपस्थित' एवढ्याने हे कळत नाही.

नकाशेकरी

संवर्धन स्थितीबद्दल मी लिहितो, इथे सर्वात जास्त चुका होतात.

नुसतं 'ईएन' (संकटग्रस्त) लिहू नका. श्रेणी, निकष, यादी जागतिक की प्रादेशिक, निकषांची आवृत्ती आणि मूल्यमापनाचं वर्ष, हे पाचही लिहा. आययूसीएनच्या लाल यादीत दहा वर्षांहून जुनं मूल्यमापन नूतनीकरणासाठी प्रलंबित समजलं जातं, म्हणून वर्ष महत्त्वाचं. जागतिक श्रेणी प्रदेशाला आपोआप लागू होत नाही. प्रादेशिक मूल्यमापनात आधी प्रदेशातल्या प्राण्यांवर निकष लावतात, मग बाहेरून भर पडते का ते पाहून श्रेणी खाली-वर करतात.

अपृष्ठवंशीयांत मुख्यतः निकष बी, म्हणजे प्रसाराच्या क्षेत्रावर आधारलेला निकष, वापरला जातो, कारण संख्येची घट मोजायला माहिती नसते. व्याप्त क्षेत्र म्हणजे नोंदी पडलेले २ × २ किमीचे चौकोन, प्रत्येकी ४ चौ.किमी. मर्यादा: अतिसंकटग्रस्त १० चौ.किमीपेक्षा कमी, संकटग्रस्त ५००, असुरक्षित २,०००. विस्तारक्षेत्र म्हणजे नोंदींभोवतीची सर्वात लहान बहिर्वक्र आकृती. तिथे १००, ५,००० आणि २०,०००. तुमच्या गोगलगायीच्या नोंदी सात चौकोनांत असतील तर व्याप्त क्षेत्र २८ चौ.किमी.

पण तेवढ्याने ती संकटग्रस्त ठरत नाही. सोबत तीनपैकी दोन अटी लागतात: तीव्र तुकडे पडलेले असणं किंवा स्थानं मोजकी असणं, चालू राहिलेली घट, आणि टोकाचे चढउतार. लहान प्राण्यांत शोधच अपुरा असतो, त्यामुळे आकडा नेहमी लहान येतो. क्षेत्र पाहून श्रेणी लावली तर निम्मी यादी लाल होईल आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

'स्थान' म्हणजे नोंदीचं ठिकाण नव्हे. एकाच घटनेने जितक्या भागातले सगळे प्राणी झपाट्याने बाधित होतील, तो भाग म्हणजे एक स्थान. ओढ्याच्या उगमाशी विषारी सांडपाणी सुटण्याचा धोका असेल आणि खाली बारा नोंदी असतील, तरी स्थान एकच. अतिसंकटग्रस्तसाठी १, संकटग्रस्तसाठी ५ पर्यंत, असुरक्षितसाठी १० पर्यंत. खोल समुद्रातली खवलेपायी गोगलगाय, क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम, २०१९ मध्ये संकटग्रस्त ठरली ती याच विचाराने. हिंदी महासागरातल्या मोजक्या उष्णझऱ्यांवरच ती होती, आणि त्यांतल्या काहींवर खाणकामाच्या शोधाचे परवाने होते. तिचं अन्न तिच्या शरीरातल्या जिवाणूंकडून येतं आणि त्या जिवाणूंना लागणारी रसायनं झऱ्यातून. झऱ्याला पर्यायच नाही.

कायदेशीर संरक्षण आणखी वेगळा रकाना. साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात दगडी प्रवाळांचा संपूर्ण गण आहे, तर लाल यादीत त्यांच्या श्रेणी 'किमान चिंता' ते 'अतिसंकटग्रस्त' अशा पसरलेल्या. एक व्यापारावरचं नियंत्रण सांगतं, दुसरं नष्ट होण्याची जोखीम.

शंखपाल

नकाशेकरींना जोड: दुर्मिळता हीही धोक्यापेक्षा वेगळी. ब्रिटनमध्ये १० किमीच्या १५ किंवा कमी चौकोनांत असलेली प्रजाती राष्ट्रीय पातळीवर दुर्मिळ, १६ ते १०० चौकोनांत असलेली विरळ. त्यात घट होते आहे की नाही याचा संबंध नाही. दुर्मिळ आणि स्थिर प्रजाती असतात, तशाच सर्वत्र दिसणाऱ्या पण वेगाने घटणाऱ्याही असतात.

नोंदवही

आणि 'अपुरी माहिती' व 'मूल्यमापन नाही' यांना गणनेत कुठे टाकायचं? माझ्या यादीत हे दोनच सर्वात जास्त आहेत. शिवाय जागेला गुण द्यायची पद्धत कुणी वापरतं का?

नकाशेकरी

'मूल्यमापन नाही' ही गणनेतून पूर्ण बाहेर. 'अपुरी माहिती' असलेल्या धरून तीन आकडे द्या. समजा १०० प्रजातींचं मूल्यमापन झालं, नामशेष एकही नाही, ३० ची माहिती अपुरी, १४ धोक्यात. सर्व ३० सुरक्षित धरल्या तर १४ टक्के. त्या वगळल्या तर ७० पैकी १४, म्हणजे २० टक्के. सर्व धोक्यात धरल्या तर ४४ टक्के. अहवालात मधला आकडा ठळक, पण तिन्ही छापा. १४ आणि ४४ मधलं अंतर हीच वाचणाऱ्याला हवी असलेली माहिती आहे. चतुर-टाचण्यांच्या ६,०१६ प्रजातींचं जागतिक मूल्यमापन २०२१ मध्ये पूर्ण झालं तेव्हा १६ टक्के धोक्यात निघाल्या. त्या गटातही माहिती नसलेल्या पुष्कळ आहेत, म्हणून तो आकडाही अंदाजाचा समजायचा.

लाकूडकिडा

गुणांकनाचं गणित सोपं आहे. समजा सामान्य प्रजातीला १, स्थानिकला (काही ठरावीक भागांतच आढळणारीला) २, विरळला ४, दुर्मिळला ८. एका संसाधनावरच्या सगळ्या प्रजातींचे गुण मिळवा, प्रजातींच्या संख्येने भागा, १०० ने गुणा. कुजत्या लाकडाच्या २० प्रजाती: १२ सामान्य, ५ स्थानिक, २ विरळ, १ दुर्मिळ. १२ + १० + ८ + ८ = ३८, निर्देशांक १९०. आता पाचच प्रजाती सापडल्या, चार सामान्य आणि एक दुर्मिळ: १२ भागिले ५, निर्देशांक २४०. दुसरी जागा चांगली दिसते, पण तिथे फक्त शोध कमी झाला आहे. म्हणून पॅन्थिऑनसारख्या साधनात निदान १५ प्रजातींची अट असते. तुमच्या प्रदेशात गुण देण्याएवढी प्रसाराची माहिती नसेल तर हा निर्देशांक काढूच नका. प्रत्येक संसाधनावर किती प्रजाती आणि त्यांतल्या किती फक्त त्याच संसाधनावर अवलंबून, एवढा तक्ता दिलात तरी जागेची काळजी घेणाऱ्याला काय राखायचं ते कळेल.

पाणनिरीक्षक

तक्ता करण्याआधी नावं तपासा. नमुन्यावर लिहिलेलं नाव आणि आजचं मान्य नाव असे दोन रकाने. जुनी एक प्रजाती फुटून तीन झाल्या असतील तर जुन्या नावाची लाल यादीतली श्रेणी तिघींनाही चिकटवू नका. प्रत्येकीचं क्षेत्र जुन्यापेक्षा लहान असतं. वर आलेला ऑस्मोडर्माही असाच फुटलेला गट आहे.

आणि प्रत्येक माहितीपुढे तिचा आधार लिहा: त्याच प्रजातीवरचं निरीक्षण, जवळच्या प्रजातीवरून, की जीनसवरून (जवळच्या प्रजातींचा गट). निव्वळ अंदाजाच्या ओळी गाळून तक्ता पुन्हा काढा. निष्कर्ष पालटला तर अहवालात तसं लिहा.

नोंदवही

एक शेवटचं. जीनसपर्यंतच ओळखलेल्या नोंदी प्रजातींच्या संख्येत धरू का?

सहापायी

त्या जीनसची दुसरी कुठलीही प्रजाती त्या यादीत नसेल तरच धरा. असेल तर तो प्राणी त्याच प्रजातीचा असू शकतो, म्हणून वगळा. आहारगटाच्या तक्त्यात मात्र धरता येतील, जर पूर्ण जीनस एकाच गटातला असेल. नमुने फेकू नका, बाटलीत कागदी लेबल शिसपेन्सिलीने लिहून ठेवा. इथेनॉलमध्ये बॉलपेनची शाई उतरते.